घोड्याचा विसांवा

घोडा कां अडला, भाकरी कां करपली आणि विड्याचें पान कां सडलें, या तीन प्रश्नांना मिळून एकच उत्तर द्यावयाचें कोडें आपल्याकडे लहान मुलेंहि घालतात. न फिरविल्यामुळें, हें तें उत्तर. उत्तर खरें आहे. ठाणावर नुसता बांधून ठेवलेला घोडा बिघडतो, हें कोणताहि मोतद्दार सांगेल. परंतु लोकांच्या शहाणपणाचा हा अर्धाच भाग झाला. फार फिरविल्यामुळें किती घोडे अडले, किती कायमचे बसले आणि त्यांच्याबरोबर किती माणसांचे मनोरथ धुळीस मिळाले, याचें कोडें कोणी घातलें नाहीं. त्याचें उत्तर मात्र महाराष्ट्राच्या इतिहासांत ठिकठिकाणीं लिहिलेलें आहे. तें वाचून पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

निमित्त झालें तें परदेशांतील एका वादाचें. अमेरिकेंत तीन वर्षांच्या घोड्यांसाठीं तीन मोठ्या शर्यती आहेत. पहिली केंटकी डर्बी, दुसरी प्रीकनेस, तिसरी बेल्माँट. तिन्ही जिंकणाऱ्या घोड्यास तिहेरी मुकुटाचा मान मिळतो. पहिली व दुसरी यांमध्यें दोन आठवडे आणि दुसरी व तिसरी यांमध्यें तीन आठवडे, असें पांच आठवड्यांचें हें सत्र तेथें पुष्कळ वर्षें रूढ आहे. १९७८ सालीं अफर्म्ड नांवाच्या घोड्यानें हा मान मिळविला, त्यानंतर तब्बल ३७ वर्षें तो कोणासच साधला नाहीं. २०१५ सालीं अमेरिकन फॅरो यानें आणि २०१८ सालीं जस्टिफाय यानें तो साधला. आतां तर डर्बी जिंकलेल्या घोड्याचेच मालक दुसऱ्या शर्यतीस नकार देऊं लागले आहेत. दोन आठवड्यांची विश्रांति पुरेशी नाहीं, असें त्यांचें म्हणणें. उलट पक्षाचें म्हणणें असें कीं, कठीण आहे म्हणूनच त्या मुकुटाला किंमत आहे.

हा वाद श्रीमंतांच्या करमणुकीचा आहे, आपल्याला त्याचें काय, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. दोन मोठ्या दौडींमध्यें घोड्याला किती विसांवा द्यावा, हा प्रश्न ज्या प्रांताच्या राज्यकारभारांत एके काळीं पैजेचा नव्हे तर प्राणाचा होता, असा एक प्रांत म्हणजे महाराष्ट्र होय. म्हणून या प्रश्नाचा विचार आम्ही वेरुळापासून करणार आहों.

वेरुळास जाणारा प्रवासी लेणीं पाहतो, कैलासापुढें थक्क होऊन उभा राहतो, घृष्णेश्वराचें दर्शन घेतो आणि परत फिरतो. गांवांतल्या भोसल्यांच्या गढीकडे वळणारे थोडे. वेरुळाची पाटिलकी भोसल्यांकडे होती. बाबाजी भोसल्यांचे पुत्र मालोजी व विठोजी हे येथूनच निजामशाहीच्या चाकरींत वर चढले. सिंदखेडच्या जाधवरावांच्या पदरीं त्यांनीं प्रथम बारगिरी केली, अशी परंपरा सांगतात. म्हणजे ज्या घराण्यानें पुढें राज्य स्थापिलें, त्याचा उदय शेतीच्या बरोबरीनें घोड्याच्या पाठीवर झाला. आणि शेतकऱ्याच्या घरीं जनावर बाळगणाऱ्याला जी गोष्ट कोणी शिकवावी लागत नाहीं, ती ही कीं, बैल काय नि घोडा काय, आज त्याच्याकडून जें अधिक काढून घेतलें तें उद्यां व्याजासकट फेडावें लागतें.

दक्षिणेंत घोडा ही नेहमींच महाग वस्तु होती. दमट किनारा आणि कोरडें पठार या दोन्ही ठिकाणीं उंची जातीचे घोडे निपजवणें कठीण; म्हणून अरबस्तान व इराण येथून ते समुद्रमार्गें आणावे लागत. देवगिरीवर यादवांचें राज्य होतें त्याच शतकांत मार्को पोलो हा व्हेनिसचा प्रवासी पश्चिम किनाऱ्यावरून गेला. ठाण्याच्या राजाविषयीं तो सांगतो कीं, चांच्यांशीं त्याचा करार असून लुटींतील घोडे तेवढे राजाचे आणि बाकीचा माल चांच्यांचा, अशी वांटणी ठरलेली होती. सोनें-नाणें सोडून राजा घोडे मागतो, यावरूनच त्यांची दुर्मिळता कळून येईल. दक्षिणेंतील दुसऱ्या एका प्रांताविषयीं त्यानें आणखी लिहिलें आहे कीं, तेथें दरसाल हजारों घोडे येतात, परंतु त्यांची निगा कशी राखावी हें लोकांस ठाऊक नसल्यामुळें ते लवकर मरतात. जें विकत घेतां येतें पण टिकवितां येत नाहीं, तें वैभव दुसऱ्याच्या मर्जीवर जगतें. निगेची विद्या ही म्हणून राज्याची विद्या ठरते.

ही विद्या उत्तरेंतहि होती. अकबराच्या मनसबदारींत दहा स्वारांमागें वीस घोडे असावेत असा दंडक होता; तीन स्वारांनीं तीन तीन, चौघांनीं दोन दोन आणि उरलेल्या तिघांनीं एकेक घोडा बाळगावा, अशी त्याची फोड. यांतलें तत्त्व साधें आहे. माणूस एकच असला तरी दौड दोन घोड्यांत वांटली जावी. एक चालत असतां दुसऱ्यानें पाठ मोकळी ठेवून दम खावा. ज्याला आपण कोतल घोडा म्हणतों, तो केवळ मिरवणुकीचा थाट नव्हे; मुळांत तो विसांव्याचाच एक प्रकार आहे. परंतु ही सोय श्रीमंत साम्राज्याला परवडणारी. ज्या स्वाराची सारी दौलत एक घोडा, त्यानें काय करावें?

त्याचें उत्तर मराठ्यांनीं दोन वाटांनीं काढलें. एक म्हणजे घोड्याची निवड. भीमा व नीरा यांच्या खोऱ्यांतलें भीमथडी घोडें अंगानें लहान, दिसण्यांत साधें, पण कडब्यावर आणि डोंगरच्या गवतावर निभावणारें, खडकाळ वाटेवर पाय न चुकणारें असें असे. अरबी घोड्याशेजारीं उभें केलें तर कोणी त्याच्याकडे पाहणार नाहीं. परंतु चौथ्या दिवशींच्या मजलेला तें पुढें असे. अलीकडे देशी जातींच्या सरकारी यादींत या घोड्याची नोंद झाली, हें उशिरां कां होईना, योग्यच झालें. दुसरी वाट म्हणजे वर्षाची वांटणी. कोतल घोडा नसला तर कोतल महिने तरी असावेत, असें जणू त्यांनीं ठरविलें.

या वांटणीचें वर्णन कृष्णाजी अनंत सभासद यानें १६९४ च्या सुमारास राजारामांच्या आज्ञेवरून लिहिलेल्या बखरींत केलें आहे. पावसाळ्याचे चार महिने लष्करानें मुलखांत परत येऊन छावणी करावी. तेथें दाणा, रतीब, औषधें यांची बेगमी आधींच झालेली असावी. माणसांसाठीं आणि घोड्यांसाठींहि गवतानें शाकारलेलीं घरें तयार असावीं. दसरा होतांच कूच करावें. आठ महिने बाहेर राहून लष्करानें परमुलखांत पोट भरावें आणि वैशाखांत माघारीं यावें. जातांना आणि येतांना सर्वांच्या चीजवस्तूंची मोजदाद व्हावी. त्याच बखरींत पागेची रचना आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांवर एक जुमलेदार, आणि दर पंचवीस घोड्यांस एक पखालजी व एक नालबंद. वाचकांनीं हा शेवटचा तपशील लक्षांत घ्यावा. पाणी पाजणारा आणि नाल ठोकणारा यांची नेमणूक ज्या राज्यांत हिशेबानें होते, तेथें घोडा हा केवळ शौर्याच्या वर्णनाचा विषय राहिलेला नसतो.

दसऱ्याचें सीमोल्लंघन हा आज आपल्याला केवळ एक विधि वाटतो. त्याच्या मुळाशीं जें व्यवहारज्ञान होतें तें असें: चार महिन्यांच्या पावसांत नद्या दुथडी भरलेल्या, वाटा चिखलाच्या, आणि ओल्या जिनाखालीं घोड्याची पाठ लागण्याची भीति मोठी. याच चार महिन्यांत गवत मात्र मुबलक. निसर्गानेंच जेव्हां चालणें अवघड आणि खाणें सोपें केलें आहे, तेव्हां घोड्यानें खावें आणि चालूं नये, हा सरळ हिशेब. पुढें अश्विनांत आभाळ निवळलें, नद्या उतरल्या, घोडे भरले, कीं शस्त्रपूजा आणि कूच. सण हा अशा प्रकारें पागेच्या दिनदर्शिकेवर बसलेला होता.

परंतु नियम सांगणें सोपें, पाळणें कठीण. शिवाजी महाराजांचें एक पत्र या दृष्टीनें अमोल आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूण भागांत घोडदळाची छावणी पडली होती. तेथील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना महाराजांनीं हें पत्र पाठविलें. त्याचा आशय असा: पावसाळ्याची बेगमी आधींच खर्च झाल्यामुळें किल्ल्यांवरचें धान्य व वैरण मोठ्या कष्टानें छावणीसाठीं मागविली आहे. ती आतां हातीं आहे म्हणून मन मानेल तशी उधळाल, तर ऐन पावसांत कांहींच उरणार नाहीं, घोडे उपाशीं मरूं लागतील, आणि मग ते तुम्हींच मारले असें होईल. शिवाय तुम्ही उपाशीं झालां म्हणजे रयतेच्या घरांत शिराल. ती म्हणेल, यांपेक्षां मोंगल बरे. म्हणून काटकसरीनें, दिवसांचा अंदाज धरून खर्च करा. आणि पुढें तर विस्तवाचा इशारा आहे. कोणी चूल पेटवील, कोणी चिलीम ओढील, रात्रीं दिवा तसाच जळत ठेवाल. उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीस आग लागेल. मग कोणाला कितीहि शिक्षा केली तरी पागा वांचणार नाहीं.

राज्य स्थापणारा पुरुष उंदरानें नेलेल्या वातीपर्यंत विचार करतो, याचें कौतुक पुष्कळांनीं केलें आहे. आम्हांस त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांतली जबाबदारीची वांटणी. घोडा उपासानें मेला तर तो दैवानें मेला नाहीं, तुम्हीं मारला, असें महाराज बजावतात. विसांवा म्हणजे कामाचा अभाव नव्हे. तो कोणी तरी कष्टानें पुरवावयाची गोष्ट आहे, आणि तो पुरविण्यांत कसूर झाली तर त्याचा जाब विचारणारा कोणी तरी असला पाहिजे, हा त्या पत्राचा खरा धडा होय. चार महिने छावणींत राहून दाण्यावांचून झुरलेला घोडा आणि चार महिने दौडलेला घोडा यांत दसऱ्याच्या दिवशीं फारसा फरक उरत नाहीं.

येथें थोडें शरीराच्या रचनेकडे पाहणें इष्ट आहे. स्वस्थ उभ्या असलेल्या घोड्याचें हृदय मिनिटाला तीसचाळीस ठोके देतें. भर दौडींत तेंच दोनशेंच्या वर जातें. श्वास तर कांहीं मिनिटांत पूर्ववत् होतो आणि पाहणाऱ्याला वाटतें कीं जनावर ताजें झालें. परंतु स्नायूंत सांठविलेली शर्करा पुरती भरून येण्यास दोन तीन दिवस लागतात. हाडांचा हिशेब त्याहून लांबचा. प्रत्येक वेगवान दौडींत पायांच्या हाडांवर डोळ्यांस न दिसणाऱ्या बारीक चिरा पडतात. शरीर त्या भागांतलें जुनें हाड काढून नवें भरतें. पण काढण्याचें काम आधीं होतें आणि भरण्याचें मागाहून, म्हणून मधले कांहीं आठवडे तें हाड उलट अधिक दुबळें असतें. पशुवैद्यांस आणखी असेंहि आढळलें आहे कीं, दीर्घ विश्रांतीनंतर एकदम जोराच्या दौडीस घातलेल्या घोड्यांच्या खांद्याखालच्या हाडास तडा जाण्याचा धोका वाढतो. म्हणजे कोड्याचें उत्तरहि खोटें नव्हे आणि छावणीची रीतहि खोटी नव्हे. घोडा थांबवावा, पण फिरवीत थांबवावा. आणि पुन्हां चालवावयाचा तो पायरीपायरीनें चालवावा. जुन्या पागांतला रोजचा खरारा आणि सकाळसंध्याकाळचें फिरविणें यांचें मर्म हेंच असावें.

हें सर्व ज्यास साधलें त्याला त्याचें फळ काय मिळालें, हें पाहावयास वेरुळाहून फार दूर जावयास नको. वैजापूर तालुक्यांतलें पालखेड हें गांव याच जिल्ह्यांत आहे. १७२७ च्या पावसाळ्यानंतर थोरल्या बाजीरावांनीं निजामाविरुद्ध मोहीम उघडली. जालना-सिंदखेडाकडे झडप, तेथून बऱ्हाणपुराची हूल, मग गुजराथेंत मुसंडी, आणि निजाम पुण्याच्या रोखानें गेला असतां उलट औरंगाबादेस धाक. निजामाला आपला तोफखाना मागें टाकून धांवावें लागलें आणि २८ फेब्रुवारी १७२८ रोजीं पालखेडाजवळ पाण्यावांचून तो कोंडला गेला. ६ मार्चला मुंगी-शेवगांवचा तह झाला. बाजीरावांचा वेग सर्वांच्या तोंडीं आहे. तो वेग पावसाळ्यांत भरून घेतलेल्या बळावर खर्च होत होता, हें कोणी बोलत नाहीं. अश्विनांत निघून फाल्गुनांत काम संपविणारी ही मोहीम आठ महिन्यांच्या चाकोरींत पुरती बसली. ज्यानें वेळेवर थांबणें जाणलें, त्यालाच वेळेवर धांवणें साधलें.

याच्या उलट चित्र पानिपतचें. ३ फेब्रुवारी १७६० रोजीं उदगीरची लढाई झाली. तीमधून निघालेलें सैन्य दीड महिन्याच्या आंत, १४ मार्चला, परतुडाहून उत्तरेकडे कूच करतें. म्हणजे एक मोठी मोहीम संपते न संपते तोंच तिच्याहून मोठी दुसरी मोहीम, आणि तीहि उन्हाळ्याच्या तोंडावर, जेव्हां गवत सुकलेलें आणि ओढे आटलेले. वैशाखांत ज्यांनीं माघारीं यावयाचें, ते वैशाखांत पुढें चालले होते. पावसाळा मार्गांत व दिल्लीच्या आसपास गेला. ऑगस्टच्या आरंभीं दिल्ली हातीं आली. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतला, तेथील धान्यानें चार दिवस निभावले, आणि नोव्हेंबरपासून पानिपतावर दोन्ही सैन्यें समोरासमोर बसलीं. डिसेंबरांत गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची उरलीसुरली आशा संपली. शेवटच्या आठवड्यांत माणसांस अन्न नाहीं तेथें घोड्यांस चंदी कोठून? १४ जानेवारी १७६१ रोजीं जे घोडे रणांत उतरले ते जवळजवळ वर्षभर घरचा दाणा न पाहिलेले, आणि शेवटीं तर झाडपाल्यावर राहिलेले असे होते.

पानिपतचा पराभव घोडे थकल्यामुळें झाला, असें एक कारण धरून बसण्याइतके आम्ही भोळे नाहीं. यात्रेकरू व कुटुंबकबिला यांचा भार, मित्रांचा अभाव, रणांगणावरील चुका, यांची चर्चा पुष्कळ झाली आहे आणि ती योग्यच आहे. अब्दालीचे घोडेहि कंदाहाराकडून आले होते, ते कांहीं स्वर्गांतून उतरले नव्हते. पण एक भेद नजरेस येतो. अब्दालीनें तो पावसाळा गंगेकांठीं अनूपशहरास छावणी करून काढला. मागें नजीबखानाचा दुआब, दाणावैरणीची सोय जवळ. परक्या मुलखांत आलेल्या पाहुण्यानें छावणीचा नियम पाळला आणि ज्यांनीं तो नियम आपल्या मुलखांत घालून दिला त्यांना तो पाळतां आला नाहीं, ही गोष्ट मनाला लागते. त्या वर्षीं सदाशिवरावभाऊंना थांबणें शक्य होतें काय? राजकारणाची निकड पाहतां बहुधा नव्हतें. परंतु निकड मोठी म्हणून देणें माफ होत नाहीं. तें पुढें ढकललें जातें एवढेंच.

घोड्याच्या विसांव्याचें हें वेळापत्रक मराठ्यांचें बळ होतें, तसेंच जाणत्या शत्रूच्या दृष्टीनें तें मर्महि होतें. आर्थर वेलस्ली यानें हें ओळखलें. पावसाळ्यांत नद्या भरलेल्या असतां घोडदळाला मोकळेपणीं वावरतां येत नाहीं, म्हणून मराठ्यांशीं लढावयास तोच काळ चांगला, असें त्याचें मत होतें. १८०३ च्या ऑगस्टांत, भर पावसाळ्यांत, त्यानें अहमदनगर घेतलें, गोदावरी ओलांडून महिनाअखेर औरंगाबाद गांठलें आणि २३ सप्टेंबरला असईची लढाई जिंकली. नद्या ओलांडण्यासाठीं त्याची होड्यांची तयारी होती आणि सामान वाहावयास म्हैसूरचे उत्तम बैल होते. असईच्या दिवशीं मात्र त्याच्याहि घोड्यांनीं आपलें मोल मागितलें. सकाळपासूनची लांब मजल आणि तिच्यावर लढाई. तेव्हां विजय मिळूनहि पाठलाग करण्याची ताकद सैन्यांत उरली नाहीं. वेलस्लीला जें शत्रूचें वेळापत्रक मोडतां आलें, तें घोड्याच्या शरीराचें मोडतां आलें नाहीं.

पुढें राज्य गेलें, पागा मोडल्या, आणि घोडा रणांगणांतून शर्यतीच्या मैदानांत आला. त्यांत एक गंमतीची उलटापालट झाली. मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर १८८३ पासून शर्यती होत आल्या. तेथें पावसाळ्यांत धांवणें अशक्य, म्हणून मुंबईचा हंगाम नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, आणि पावसाळ्यांत शर्यती पुण्यास. जे चार महिने भोसल्यांच्या घोड्यांस छावणीचे, तेच पुण्याच्या मैदानावर दौडीचे झाले. तथापि भारतांतील मोठ्या शर्यतींमध्यें जें अंतर आहे तें अमेरिकेपेक्षां बरेंच उदार म्हणावें लागेल. टू थाउजंड गिनीज ही डिसेंबरांत, डर्बी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारीं, आणि सेंट लेजर पुण्यास सप्टेंबरांत. पहिल्या दोहोंमध्यें सुमारें सात आठवडे आणि मग सात महिने. हिंदी डर्बी प्रथम १९४३ सालीं झाली आणि ती प्रिन्सेस ब्यूटिफुल नांवाच्या घोडीनें जिंकली, हेंहि येथें नमूद करण्यासारखें आहे.

याच सुमारास मराठी घोडदळाचा एक दूरचा वारसा इंग्लंडच्या मैदानांत उतरला. बडोद्याच्या प्रतापसिंहराव गायकवाडांनीं १९४५ सालीं न्यूमार्केट येथें एक शिंगरू २८,००० गिन्यांस विकत घेतलें आणि त्याला आपल्या पूर्वजाचें, सयाजीराव हें नांव दिलें. १९४७ सालीं हा घोडा गिनीजमध्यें तिसरा आला, डर्बींतहि तिसराच आला. लोकांनीं पैसे फुकट गेले म्हटलें. पण त्यानें आयरिश डर्बी जिंकली आणि सप्टेंबरांत डॉनकॅस्टरची लांब पल्ल्याची सेंट लेजरहि जिंकली. इंग्लंडमधील तीन शर्यती मे, जून आणि सप्टेंबर अशा विखुरलेल्या असल्यामुळें उशिरां भरणाऱ्या घोड्याला वाढावयास अवसर मिळतो, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

त्या उदार अंतरांतहि माणसाचा मोह आडवा येतोच. १९७० सालीं निजिन्स्की या घोड्यानें गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर तिन्ही जिंकल्या. त्यानंतर तिहेरी मुकुट इंग्लंडांत कोणत्याच घोड्यास मिळालेला नाहीं. त्या उन्हाळ्यांत त्याला गजकर्णाचा विकार होऊन अंगावरचे केस गेले होते आणि सराव तुटला होता. तरीहि १२ सप्टेंबरला तो सेंट लेजर धांवला. त्यानंतर तीनच आठवड्यांनीं पॅरिसची मोठी शर्यत. आतांपर्यंत एकदांहि न हरलेला तो घोडा तेथें मस्तकाच्या अंतरानें हरला. आणखी दोन आठवड्यांनीं पुन्हां धांवविला, पुन्हां हरला. तो दुबळा झाला होता कीं त्या दिवशीं स्वाराचा अंदाज चुकला, याविषयीं अजून दोन मतें आहेत. परंतु आजारांतून उठलेल्या घोड्यास पांच आठवड्यांत तीनदां मैदानांत उतरविण्याचें समर्थन करणारा आज विरळा.

यावर जुन्या रीतीचा अभिमानी विचारील कीं, पूर्वींचे घोडे कसे धांवत? १९१९ सालीं सर बार्टन या घोड्यानें १० मे रोजीं केंटकी डर्बी आणि चारच दिवसांनीं प्रीकनेस जिंकली. मध्यें आणखी एक शर्यत जिंकून ११ जूनला बेल्माँटहि घेतली. बत्तीस दिवसांत चार विजय! मग आजचे घोडे नाजूक झाले काय? आम्हांस या युक्तिवादांत एक हेत्वाभास दिसतो. जो तरला त्याचें नांव राहतें. जे त्याच रीतीनें धांवतां धांवतां मोडले त्यांची यादी कोणी ठेवली नाहीं. पानिपताहून सुखरूप परत आलेल्या एका घोड्याकडे बोट दाखवून उपास घोड्यांस मानवतो असें सिद्ध करण्यासारखें तें आहे.

तथापि दुसऱ्या बाजूनेंहि अतिशयोक्ति नको. २०२२ सालीं डर्बी जिंकलेल्या रिच स्ट्राइकच्या मालकांनीं प्रीकनेस सोडून त्याला पांच आठवडे विसांवा दिला. बेल्माँटमध्यें तो सहावा आला. २०२५ सालीं सॉव्हरेन्टीच्या मालकांनीं तेंच केलें आणि तो बेल्माँट जिंकला. म्हणजे विसांवा हा विजयाचा मंत्र नव्हे. विसांवा दिल्यानें घोडा जिंकेलच असें नाहीं. न दिल्यानें तो मोडेलच असेंहि नाहीं. परंतु राज्य काय किंवा पागा काय, दैवावर चालत नसते. धोका किती पत्करावा आणि तो कोणाच्या अंगावर टाकावा, याच्या विचारानें चालते. येथें तो धोका ज्याच्या अंगावर पडतो त्यास वाचा नाहीं.

आमच्या मतें साऱ्या वादाची किल्ली येथेंच आहे. दोन आठवडे कीं चार, हा आंकड्याचा प्रश्न पशुवैद्य सोडवितील, आणि प्रत्येक घोड्यापुरता तो निराळा सुटेल. खरा प्रश्न असा कीं, 'आज नाहीं' असें म्हणण्याचा अधिकार कोणाचा? मालकाला बक्षीस हवें असतें, पैज लावणाऱ्यास गर्दी हवी असते, मैदानाच्या चालकांस नामांकित घोडा हवा असतो. शिलेदाराची स्थिति याहून बरी होती, कारण घोडा मेला तर तो स्वतःच पायउतार होऊन बारगीर बनत असे. त्याचा स्वार्थच त्याला आंवर घाली. परंतु बारगिराचा घोडा सरकारचा. तेथें स्वार्थाचा लगाम नाहीं, म्हणून महाराजांनीं हुकुमाचा लगाम घातला. आजचा शर्यतीचा घोडा हा बहुतेक अंशीं बारगिराच्या घोड्यासारखा आहे. त्याच्यावर बसणारा एक, राखणारा दुसरा, मिळविणारा तिसरा. अशा ठिकाणीं सर्वांच्या सदिच्छेवर विसंबून चालत नाहीं. २०२३ सालीं केंटकी डर्बीच्या मैदानावर थोड्या आठवड्यांत बारा घोडे मेले, तेव्हां तेथील चालकांनीं कोणत्याहि घोड्यास आठ आठवड्यांत चारांहून अधिक वेळां धांवूं न देण्याचा नियम केला. उशिरां सुचलेली ती एक छावणीच होय.

आतां कोणी म्हणेल कीं, असे नियम केले तर पराक्रमाची शोभा जाईल. आम्हांस तसें भय वाटत नाहीं. मराठी घोडदळाचा पराक्रम दर वर्षीं चार महिने थांबत असे, आणि तरीहि, किंबहुना म्हणूनच, तो नर्मदेपलीकडे पोंचला. ज्या राज्यानें आपल्या सर्वांत मोठ्या सणाचा मुहूर्त घोड्यांच्या विसांव्याच्या अखेरीस बांधला, त्याला थांबण्यांत भित्रेपणा दिसला नाहीं.

वेरुळाच्या गढीपाशीं आज घोडे नाहींत. खान्देशांत सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेंत आणि नांदेडकडे माळेगांवास खंडोबाच्या यात्रेंत मात्र अजून घोड्यांचा बाजार भरतो. बाजारांत घोडा पारखणारा जाणता मनुष्य काय पाहतो? तो दांत पाहतो, पाय चाचपतो, आणि खोगीर काढावयास सांगून पाठीवरून हात फिरवतो. तो हात पूर्वींच्या धन्यानें किती दौडविलें हें पाहत नसतो. दौडविल्यानंतर कसें वागविलें, हें पाहत असतो. घोडा बोलत नाहीं, पण पाठ बोलते. इतिहासांत राज्यांची पारखहि पुष्कळदां अशीच होते.